गाँगच्या ठोक्यावर नमस्कार

मी सोल्डरिंग गन बोलतेय. नाव बंदुकीचं असलं तरी आजवर एक माशीही मारलेली नाही. माझं काम जोडायचं. स्वभाव मात्र तापट. टोकाला हात लावलात तर फोड आलाच म्हणून समजा.

इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात, एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझा जन्म गेला. मला विकत आणलं लास्त्रीनं. वर्गात ती एकटीच मुलगी. यंत्रमानवांची स्पर्धा आली की मुलं यंत्र बांधायची आणि तिला जेवणाचे डबे मागवायला सांगायची. ती मागवायचीही. मुलं जेवायला बसली की मला तापवून गुपचूप सर्किटं जोडायची. संघात तिला कधी घेतलं नाही. मला असा राग यायचा!

आता ती तिथंच शिकवते. मुली तिला बू म्हणतात, आईला म्हणावं तसं. गेल्या वर्षी तिनं मला वेनिंग नावाच्या विद्यार्थिनीच्या हाती सोपवलं. वेनिंगनं फक्त मुलींचा संघ केला आणि जावाचं नृत्य करणारा यंत्रमानव बांधायला घेतला. विभागप्रमुखांनी अट घातली: चाचणीत नाच बरोबर गाँगवर, म्हणजे काशाच्या मोठ्या थाळीच्या ठोक्यावर, संपला तरच मुली स्पर्धेला जातील, नाहीतर मुलांचा, बागासचा संघ जाईल.

यंत्र नाचायचं मात्र झकास! कंबर लचकवायचं, खांद्यावरचा शेला झुलवायचं. पण गाँग वाजून जायची आणि हे बेटं मागाहून गुडघे टेकून हात जोडायचं. बागास म्हणाला, "पाहुणे गेल्यावर नमस्कार करतंय!" वेनिंगला वाटलं, जोडच कच्चे असणार. ती मला तापवून तेच ते डाग पुन्हा देत बसली. म्हणजे सगळं खापर माझ्या माथी!

चाचणी उद्यावर आली तशी ती रडकुंडीला आली. "बू, माझ्याच्यानं नाही होणार. जाऊ दे बागासला."

लास्त्रीनं तिच्यापुढं तळलेली केळी सरकवली. "आधी खा. मग ऊठ आणि स्वतः नाचून दाखव."

वेनिंग लहानपणापासून नाच शिकलेली. गामेलानचं, म्हणजे आमच्या जावाच्या वाद्यवृंदाचं संगीत लागलं, बोटं वळली, आणि गाँग पडली त्याच क्षणी तिचे गुडघे जमिनीला टेकले. टेकले ते टेकले, पोरगी तिथंच हसत सुटली. आमच्या संगीतात गाँगवर आवर्तन संपतं. हे तिच्या पायांना पाठ होतं. पण यंत्राला सूचना लिहिताना तिनं कॉलेजात शिकलेल्या मोजणीच्या सवयीनं गाँगचा मोठा ठोका शेवटचा न धरता पहिला धरला होता. यंत्र गाँगपासून नवी मोजणी सुरू करायचं, म्हणून नमस्कार मागाहून.

"बू, माझे पाय हुशार निघाले, डोकंच कच्चं!"

"पाय काय परक्याचे आहेत?" लास्त्री म्हणाली.

रातोरात तिनं सूचना बदलल्या आणि चाचणीत यंत्रानं गाँगवर हात जोडले. स्पर्धेतही जोडले. मुलींना पहिलं बक्षीस मिळालं, टाळ्या वाजवण्यात बागास सगळ्यांच्या पुढं होता. लास्त्री खुर्चीत बसून पोटभर रडली. मी हत्यारांच्या पेटीत होते. मलाही भरून आलं.

आता माझं टोक झिजलंय, वायरीला दोन ठिकाणी पट्टी आहे. नवं टोक बसवा, रागवा, आपटा, पण कपाटात ठेवू नका. प्रयोगशाळेत यंदा मुलींची गर्दी आहे. त्यातली एक मघापासून माझ्यासमोर उभी आहे, हात पुढं करते, मागं घेते.

ये गं पोरी. मी तापलेय.