आई, वाय-फाय वाढव!

आमच्या ह्यांचा बाणा असा की विकतची सिस्टीम घरात येणार नाही. हे दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि घरी आले की कॉम्प्युटरपुढे बोटं घासतात. त्यावर लिनक्स आहे, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेली, फुकट आणि खुली सिस्टीम. खुली म्हणजे आतलं सगळं बघता येतं. बघून कळतंच असं नाही.

एरवी मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण त्या शनिवारी दुपारी चार वाजता माझी परीक्षा होती. बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेला वाचणारे आवाज हवे होते. मी पाठवलेला नमुना पसंत पडला होता, आणि आता कॉम्प्युटरवरून थेट, न पाहिलेला उतारा वाचून दाखवायचा होता. लग्नाआधी मी नाटकातून कामं करायचे. त्यानंतर हा आवाज "जेवायला चला" आणि "मोटर कोणी चालू ठेवली?" ह्यापलीकडे फारसा गेला नव्हता. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की बोलायचीही भीती वाटत होती.

"वाचता काय, सगळ्यांनाच येतं," सासूबाई म्हणाल्या. "त्यात परीक्षा कसली?"

अडचण अशी की राऊटर हॉलमध्ये आणि हॉलखाली वेल्डिंगचं दुकान. शांतता फक्त मागच्या खोलीत. तिथे पूर्वी वायर नेलेली होती, पण तिच्यात पाय अडकून सासूबाई पडता पडता वाचल्या आणि त्याच दिवशी वायरची हकालपट्टी झाली. म्हणून हे बोटाच्या पेराएवढा वाय-फायचा डोंगल घेऊन आले. मागे खोचला की झालं, म्हणाले. खोचला. काही झालं नाही.

"ह्याचा ड्रायव्हर नाहीये," हे म्हणाले.

सासूबाई दारात उभ्याच होत्या. "एवढ्याशा वस्तूला ड्रायव्हर?"

"आई, तो चालवणारा प्रोग्राम असतो. नेटवरून उतरवून घ्यायचा."

"मग घे की."

"नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हरसाठी नेट."

"म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप," सासूबाई म्हणाल्या. इतक्या थोडक्यात हे मला कधी समजावू शकले नव्हते.

शेवटी माझा फोन कॉम्प्युटरला जोडला आणि फोनचं नेट त्याला दिलं. मागच्या खोलीत फोनला रेंज नाही, म्हणून तो पिशवीत घालून खिडकीबाहेर गजाला टांगला. असंच परीक्षेला बसावं म्हणून मी कॉम्प्युटरवरून मैत्रिणीला कॉल लावून बघितला. ती म्हणाली, "तू विहिरीत पडलीयस का?" तेव्हा तो नाद सोडला. पण ड्रायव्हर मात्र थेंब थेंब करत उतरला.

मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली आणि अचानक थांबली.

"कर्नल जुना आहे," हे पुटपुटले. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, एवढं मला ऐकून ऐकून माहीत झालं होतं.

"मग त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास देता?" सासूबाई म्हणाल्या.

हे हसले नाहीत. त्यांनी जुन्या कर्नलला चालेल असा ड्रायव्हर शोधला, पुन्हा सगळं केलं आणि साडेतीनच्या सुमारास डोंगलचा दिवा निळा झाला. पडद्यावर नेटवर्कची यादी आली. शेजाऱ्यांचं ठणठणीत, आमचं अगदी मरतुकडं, पण होतं. ह्यांनी मान मागे टाकून हॉलकडे हाक मारली, "आई, वाय-फाय वाढव जरा! राऊटरची शिंगं वर कर!"

खाली वेल्डिंगवाल्याने नेमकं तेव्हाच ग्राइंडर लावला.

क्षणभरात आमचं नेटवर्क यादीतून गेलंच. ह्यांचा चेहरा पडला. "ड्रायव्हरनेच घात केला," म्हणाले आणि तो काढून टाकायला लागले. मी म्हटलं, अहो, थांबा, शेजाऱ्यांचं दिसतंय ना? पण बुडत्याला कोण थांबवणार? पावणेचार होत आले होते. माझे डोळे भरले. रडायचं तर निदान पाणी पिऊन रडावं म्हणून मी हॉलमध्ये गेले.

राऊटर विझलेला होता. एकही दिवा नाही.

"आई, हे कोणी बंद केलं?"

"मीच," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तोच ओरडला ना, वाढव म्हणून. पुढचं काही त्या घरघरीत ऐकू आलं नाही."

सासूबाईंनी जन्मभर वह्या-पेनांचं दुकान चालवलं. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. बंद म्हटलं तर अशुभ. ती सवय घरातही आली आणि त्या पंखा वाढवतात, गॅस वाढवतात, टीव्हीसुद्धा वाढवतात. मुलाने वाय-फाय वाढव म्हटल्यावर त्यांनी इमानेइतबारे बटण बंद केलं होतं.

मी राऊटर लावला, त्याची शिंगं उभी केली आणि ओरडत मागे धावले, "अहो, काढू नका!"

काढून झाला होता. ह्यांनी तो पुन्हा बसवला. ती पांढरी अक्षरं सरकताना मी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात जोडले. चारला एक-दोन मिनिटं असताना आमचं नाव यादीत आलं आणि जोडलं गेलं. मी ह्यांना बाहेर काढून दार लावलं.

परीक्षक बाई मोजकंच बोलल्या. उतारा पडद्यावर आला: नव्या घरात राहायला आलेल्या एका बाईला रोज भिंतीपलीकडून शीळ ऐकू येते. सगळे सांगतात, शेजारचं घर रिकामं आहे. एक दिवस ती जाऊन ते दार वाजवते. दोन ओळींनंतर मी परीक्षा विसरले. शिळेच्या जागी आवाज खाली नेला, दाराशी श्वास धरला. दार उघडतं, इथवर आले आणि परीक्षक बाई म्हणाल्या, "पुरे. धन्यवाद. आम्ही कळवू."

एवढंच. बरं नाही, वाईट नाही.

दार उघडलं तर हे समोरच. "एकदा तरी तुटलं का?"

"नाही," मी म्हटलं. कसं वाचलंस, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मागे सासूबाई स्टूल टाकून बसल्या होत्या. हातातल्या चहावर साय धरली होती.

"मग?" त्या म्हणाल्या. "कोण होतं आत?"

"कुठे?"

"त्या घरात! दार उघडलं ना?"

"माहीत नाही, आई. तेवढंच होतं."

"तेवढंच कसं? असं मध्येच कोणी थांबतं का?" त्या खरोखर चिडल्या होत्या.

मला एकदम इतका आनंद झाला की रडू आलं. सासूबाईंनी चहा बाजूला ठेवला आणि माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "ते पुस्तक कोणतं आहे बघा. आईंना पुढचं वाचून दाखवायचंय."