अडकित्त्याने कातरलेली गोळी

मित्रांनो, मी फळीवर पडलेला एक जुना अडकित्ता आहे. आमच्याकडे मला सरोता म्हणतात. सुपारी कातरण्यासाठी माझा जन्म झाला, पण माझ्या पात्याने एकदा एका माणसाचं औषध कातरलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

भंडाऱ्याच्या एका कारागिराने माझी पितळी मूठ घडवली आणि तिला पोपटाचा आकार दिला. मी फार देखणा होतो. हे मलाच सांगावं लागतं, कारण सांगायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही. दिघोरीच्या मनिरामने मला हौसेने विकत घेतलं. पुढे त्याचे गुडघे दुखू लागले आणि कोणीतरी त्याला अफू खायला शिकवलं. तो माझ्याच पात्याने अफूचा तुकडा पाडायचा. आधी मुगाएवढा, मग तुरीएवढा, मग हरभऱ्याएवढा. शेवटी शेवटी तो दिवसभर डोळे मिटून बसे आणि स्वतःच्या लेकीलाही ओळखत नसे.

तो गेल्यावर त्याची लेक धुरपताबाई मला आसगावला सासरी घेऊन आली. तिने माझं पातं राखेने तीनदा घासलं आणि मला कमरेच्या चंचीत, पानसुपारीच्या पिशवीत, ठेवलं. घरी आलेल्याला सुपारी दिल्याशिवाय तिने कधी जाऊ दिलं नाही. माझं कौतुक सगळे करत. मीही थोडा फुगलो होतो.

एकोणीसशे एकोणऐंशीचा मार्गशीर्ष होता. बैलगाडीत धानाचे भारे घेऊन तिचा मुलगा टेकचंद बोडीच्या पाळीवरून येत होता. बोडी म्हणजे लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. गाडीचं चाक घसरलं, गाडी उलटली आणि तो तिच्याखाली सापडला. मांडीचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्या. बरेच दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात राहून तो प्लास्टर घालून घरी आला. डॉक्टरांनी गोळ्या धुरपताबाईच्या हातात दिल्या. "यात अफूपासून केलेलं औषध आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक, सांगितल्याप्रमाणेच द्या," ते म्हणाले. तिने अफू हा शब्द ऐकला आणि पुढचं काही ऐकलंच नाही.

घरी आल्यावर तिने पहिली गोळी माझ्या पात्याखाली धरली. मी कातरली. मी दुसरं काय करणार? अर्धी मुलाला दिली, अर्धी चंचीत टाकली. पुढच्या प्रत्येक गोळीचं तिने तेच केलं. सून रुखमिणी खळ्यावर धान मळत होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"माय, दुखणं थांबतच नाही व," टेकचंद म्हणायचा.

"थांबन बापा, थोडं सोस," असं म्हणून ती तोंड फिरवायची आणि पदराने डोळे पुसायची.

खोल श्वास घे, खोकून कफ काढ, असं त्याला दवाखान्यात बजावलं होतं. पण खोकायला गेला की बरगड्यांत कळ उठे. म्हणून तो खोकणंच टाळू लागला. पाच दिवस असे गेले आणि सहाव्या सकाळी त्याला ताप भरला.

रुखमिणीने नर्सबाईंना बोलावणं धाडलं. ललिताबाई सायकलवरून आल्या आणि त्यांनी त्याची छाती तपासली.

"छाती कफानं भरली. हा खोकत काहून नाही? गोळी बरोबर देता ना?"

"देतो ना बाई," धुरपताबाई म्हणाली. मग सवयीने तिने पाहुणीपुढे चंची ठेवली.

ललिताबाईंनी सुपारी घ्यायला चंची उघडली. खांडांमध्ये पांढरे तुकडे होते. त्यांनी ते तळहातावर घेतले. पंधरा निघाले.

धुरपताबाईने कबूल केलं. "माह्या बापाले अफूनं खाल्लं, बाई. मले भेव लागला. पोरगाही तसाच जाईन."

ललिताबाई रागावल्या नाहीत. "तुमचं भेव खोटं नाही. पण तुमच्या बाबाले कोणी मोजून देत नव्हतं. इथं डॉक्टर मोजून देतात नं बंदही तेच करतात. दुखते म्हणून हा खोकत नाही, नं खोकत नाही म्हणून छाती भरली. जास्त गुंगी आली, श्वास मंद झाला, तर पुढची गोळी देऊ नका, लगेच कळवा. शंका आली तर मले विचारा. सरोता नका चालवू."

ते तुकडे त्या परत घेऊन गेल्या. त्याच दुपारी टेकचंदला पुन्हा दवाखान्यात हलवलं. छातीसाठी इंजेक्शनं सुरू झाली आणि दुखण्याची गोळी पूर्ण मिळू लागली. तिसऱ्या दिवशी तो उशीला टेकून बसला, जोरात खोकला आणि भाताची पेज मागू लागला. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

पुढे हाड जुळू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करायला सांगितलं. आधी अर्धी, मग पाव, मग बंद.

"मंग आता कातरू म्हणता?" धुरपताबाईने तीन वेळा विचारलं. घरी येऊन तिने मला गरम पाण्याने धुतलं. पुन्हा तेच पातं, तीच गोळी. तिने गोळी दोनदा पात्याखाली धरली आणि दोनदा काढून घेतली. मीही घाबरलो होतो. याच्या बाबतीतही तुकडा मोठा करावा लागला तर?

पण तुकडा लहानच होत गेला. शेवटचा पाव देऊन झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलाजवळ जाऊन बसली.

"आणखी गोळी पायजे का, बापा?"

टेकचंदने मान हलवली. "गोळी नको व माय. सुपारी दे."

ती हसली, रडली आणि तिने मला हातात घेतलं. इतकी बारीक सुपारी मी जन्मात कातरली नव्हती.

आता धुरपताबाई नाही. टेकचंद थोडा लंगडतो, पण शेतात जातो. सुपारी पुड्यांतून येते आणि माझ्या खिळ्याला गंज चढला आहे. जमलं तर मला तेलाचा एक थेंब द्या, मित्रांनो. नाही दिला तरी चालेल. पण घरात कोणी दुखण्याने तळमळत असेल आणि त्याच्या औषधाची तुम्हाला भीती वाटली, तर ती चंचीत लपवू नका. मला फक्त कातरता येतं. विचारणं तुम्हाला जमतं.