अठरा खुंट्या

सोमवार, तीन जून, सकाळचे सात वाजून छत्तीस मिनिटे. पाळणाघराच्या भिंतीवर खुंट्या अठरा. त्यांपैकी सतरांवर पिशव्या. अठराव्या खुंटीखाली, आई आणि आजीबरोबर आलेली अडीच वर्षांची नात आपली पिशवी छातीशी धरून रडत होती. तिची आई आज कारखान्यात लेथवर रुजू व्हायची होती. आठच्या भोंग्याला फाटक बंद होई. पहिल्याच दिवशी उशीर, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

"दे बाळा, मी अडकवते," पाळणाघराच्या ताई म्हणाल्या.

"नाही! मीच!" नातीने टाहो फोडला.

सून सासूबाईंकडे वळली. "तुम्ही म्हणालाच होता आई, ही राहायची नाही म्हणून. झालं समाधान?"

आजींनी पर्समधून मोजपट्टी काढली. आधी खुंटी मोजली, मग नातीचा वर ताणलेला हात.

"आता हे काय? नमनालाच घडाभर तेल!"

"घोडं कुठं अडलंय ते बघतेय. खुंटी एकशे पंचवीस सेंटिमीटर, हिचा हात एकशे चार. पोर हट्टी नाही गं, खुंटी उंच आहे."

त्यांनी आपल्या कापडी पिशवीचा बंद सोडला, खुंटीला पक्की गाठ मारली आणि खाली सैल वेढा सोडला. नातीने त्यात पिशवी अडकवली, नाक पुसले आणि मागे न पाहता ठोकळ्यांकडे गेली.

सुनेने सासूबाईंचे मनगट क्षणभर घट्ट धरले.

"पळ आता," आजी म्हणाल्या.

सून गेल्यावर ताईंनी विचारले, "कुठं शिकलात हो हे?"

"तंत्रनिकेतनात. मग आरेखक होते मी, यंत्रांचे नकाशे काढायचे. अकरा महिने."

"मग?"

"मग मुलगा झाला." आजींची नजर बुटक्या खुर्च्यांवरून, धुतलेल्या चादरींवरून सावकाश फिरली. "प्रत्येक मुलाला जागा, तीही सरकारी खर्चानं. ज्यांना हे सुचलं त्यांचं भलं होवो." त्यांनी मोजपट्टी गुंडाळली. "चौतीस वर्षं मला वाटत होतं, पोरामुळं अडलं."

दुपारी त्यांनी माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड उतरवून पुसला आणि खुंट्यांच्या नव्या उंचीचा नकाशा काढला. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात नाव लिहिले. नावाखाली, किंचित थांबून, 'आरेखक'. शनिवारी सुताराने तो नकाशा पाळणाघराच्या भिंतीला लावून काम केले.

सोमवार, दहा जून, सकाळचे पावणेआठ. खुंट्यांची उंची पंच्याण्णव सेंटिमीटर. मुलांनी स्वतः अडकवलेल्या पिशव्या अठरा.