ताईला दिलेला सल्ला

व्याजदर वाढतील अशी कुणकुण होती, म्हणून आशाताईनं पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं कर्ज स्थिर व्याजानं दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं. आधी तिनं नवऱ्यासमोरच धाकट्या भावाला, दिनेशला विचारलं.

"थांब गं, दर उतरणार आहेत," तो ठासून म्हणाला. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दाजींसमोर तसं म्हणायला जीभ रेटली नाही.

ताई थांबली आणि दर वाढले. हप्ता भागवायला ताईनं संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या, पण त्याला चकार शब्दानं बोलली नाही. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"ताई, मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं."

"शंका आली होती मला," ती म्हणाली. "पण ह्यांच्यासमोर तुला खोटं कसं पाडू?"