बिनटाक्याचे महाराज

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यामागे मंडप पडला आणि बायकांची रांग थेट रस्त्यावर आली. बिनटाक्याचे महाराज छातीतली गाठ नुसत्या हाताने काढतात, अंगावर ओरखडाही उठत नाही, अशी बोलवा होती. अट एकच. मांस खाणाऱ्या घरच्या कुणी आत पाऊल टाकायचं नाही, त्याने म्हणे शक्ती पळते. शक्ती भलतीच नाजूक होती.

शिवकांताला मात्र त्या अटीनेच धीर आला. तिच्या लिंगायत घरात कधी अंडंही शिरलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी लातूरच्या तपासणीत तिला छातीचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन हा शब्द ऐकताच ती पुढचं न ऐकता उठून आली होती. सगळंच कापतील, मग गळ्यातलं इष्टलिंग कुठल्या छातीवर टेकणार, या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा. नवऱ्याला, अमरनाथला, हे सांगायची तिला लाज वाटली.

पडद्याआड महाराजांनी भस्म चोळलं, काहीबाही पुटपुटले आणि मुठीतून लाल गोळा काढून वाटीत टाकला.

"माय, रोग निघाला. नदीत सोड. आता सव्वा महिना तिथं हात लावू नको. रोगाची सावली ऱ्हाती, ती बोटाला लागती."

बोटाला लागणारी सावली! पण शिवकांता आनंदाने रडली. लातूरला डॉक्टर असलेली भाची तनुजा ऑपरेशनसाठी सारखी मागे लागली होती. तिचं तोंड बंद करायला म्हणून शिवकांताने गोळा नदीत न सोडता डबीत घालून बर्फात ठेवला.

तनुजा आली, डबी उघडली. हसली नाही. भाजीच्या चाकूने तिने गोळा उभा चिरला.

"मावशी, हे कोंबडीचं हृदय आहे. आतले कप्पे बघ. गाठीला कप्पे असतात का? मांस शिजवणाऱ्या घरची बाई असती तर वाटीत बघताच ओळखलं असतं. म्हणून ती अट. आता तिथे हात लाव."

शिवकांताने पदराआड हात नेला. गाठ तिथंच होती, आणि वाढली होती.

"आता समदंच कापतेत का गं?"

तनुजाने समजावलं, की गाठ लहान असली तर ती आणि भोवतीचा थोडा भागच काढतात, शेजारच्याच मांसाने खळगा भरून आकार राखतात, मग किरणांचे उपचार देतात. लातूरला गाठ सापडली तेव्हा हे बहुतेक जमलं असतं. आता तपासल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. शिवकांताला महाराजांपेक्षा स्वतःचाच राग आला.

त्या रात्री तिने अमरनाथला सगळं सांगितलं. सकाळी लातूरला निघताना तिने गाडी मंडपाशी थांबवली. एक बाई हातात वाटी घेऊन हसत बाहेर येत होती. शिवकांताने चिरलेल्या गोळ्याची डबी तिच्यापुढे धरली. सेवेकरी ओरडत धावले, पण ती हलली नाही.

"बाई, ह्ये कोंबडीचं हृदय हाय. तुझ्या गाठीला हात लावून बघ."

बाईचा हात पदराआड गेला आणि हसू मावळलं. शिवकांता रांगेकडे वळली.

"ज्यो तपासून बघू देत न्हाई, त्याच्यावर इस्वास ठिवू नका. माझा लई उशीर झालाय. तुमचा होऊ देऊ नका."