लाल रेघेतला भाऊ

मेलबर्नच्या संपादकबाईने, फिलिपाने, तीन दिवसांत दुसऱ्यांदा तेच सांगितलं आणि मार्लीनचं डोकं सणकलं. मार्लीनच्या कादंबरीच्या पहिल्या पानावर, आदिवासी लेखकांच्या पुस्तकांत असते ती नेहमीची सूचना छापू, म्हणे, की या पुस्तकात दिवंगतांची नावं असू शकतात. सगळेच छापतात. सूचना कुणाला वाचायला? मार्लीनची मावशी शाळेची पायरीसुद्धा चढलेली नव्हती. ती पुस्तक ऐकणार होती आपल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या रेडिओवर, रोज दुपारी एक प्रकरण, आणि पहिल्याच दुपारी तिच्या कानावर तिच्याच पोराचं नाव आदळणार होतं. पोर जाऊन एकवीस दिवस झाले होते. फुटबॉलच्या सामन्याहून परतताना गाडी उलटली. मार्लीनच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, लिहायचंही नसतं. त्याला आता सगळे नुसतं कुमनजाय, म्हणजे ज्याचं नाव घेता येत नाही तो, असं म्हणत होते, आणि इथेही त्याचं नाव येणार नाही.

ते कादंबरीत आलं कसं, तर त्यानेच हट्ट धरला होता. ताई, तुझ्या गोष्टीतल्या फुटबॉलवाल्याला माझं नाव दे, नाहीतर तुझ्याशी कट्टी. मावसभाऊ म्हणजे सख्खा भाऊच, त्याला नाही कोण म्हणणार? दिलं. तर पडद्यावर नावाखाली लाल रेघ आली. कादंबरी लिहायच्या त्या सॉफ्टवेअरमधला स्पेलिंग तपासणारा अगदीच साधा, माहीत नसलेल्या शब्दाखाली रेघ ओढायची एवढीच त्याची अक्कल. पठ्ठ्या भडकला, अख्खी लीग मला ओळखते आणि याला मी माहीत नाही? मार्लीनने ‘शब्द शिका’वर क्लिक केलं, रेघ गेली, स्वारी खूश.

आता तेच नाव काढायचं होतं. मग शोधा आणि बदला, दोन मिनिटांचं काम, असं फिलिपा म्हणाली. शोधायचं तर चौकटीत नाव टाईप करावं लागतं, तेच तर चालत नाही, हे मार्लीनने दात आवळून समजावलं. त्यावर बाई गोड आवाजात म्हणाली, “तुम्हाला जड जात असेल तर फाईल पाठवा. मी पुसून टाकते.”

“तो काय टेबलावरची धूळ आहे?” मार्लीन म्हणाली. “त्याला तुमचा हात लागता कामा नये. शुक्रवारी फाईल मिळेल.” आणि तिने फोन कापला.

राग फिलिपाचा होता, गाडी चालवणाऱ्याचा होता, आणि खरं सांगायचं तर त्याचाही होता. पट्टा लावायला काय झालं होतं? असं अर्ध्यात सोडून जायचं होतं तर माझ्या पुस्तकात घुसलास कशाला, मेल्या, असं ती चुलीपाशी मोठ्याने बोलली आणि लगेच जीभ चावली.

चहा गाळता गाळता तिला युक्ती सुचली. आपण नाव लिहायचं नाही, पण मशीनला ते विसरायला तर लावता येईल. तिने एका पानावर मान अर्धी वळवून त्या नावावर क्लिक केलं आणि ‘शब्द विसरा’ निवडलं. तीनशे चाळीस पानांत जिथे जिथे तो होता तिथे तिथे लाल रेघा उमटल्या. बाकीची माणसं, गावं तिने कधीच शिकवून ठेवली होती, त्यामुळे लाल तेवढा तो एकटाच.

मग दोन दिवस ती खुर्चीतून उठली नाही. एकेक रेघ गाठायची, खोडायची, तिथे ‘भाऊ’ लिहायचं, वाक्य नीट लावायचं. त्याने गोल मारला ते वाक्य. पोलिसाला चकवून तो कुंपणावरून पळाला ते वाक्य. आपणच त्याला बखोट धरून घराबाहेर काढतोय असं तिला वाटे, आणि ती बटणं आणखी जोरात आपटे. माणूस गेला की त्याचं घर सोडायचं, या रीतीप्रमाणे मावशी तिच्याकडेच राहायला आली होती. ती शेजारी गादीवर बसून पडद्यावरचं लाल कमी होताना बघत होती. ते लाल म्हणजे कोण, हे तिला न सांगता कळलं होतं.

शुक्रवारी दुपारी शेवटची रेघ गेली. मार्लीनने खात्रीसाठी पुन्हा एकदा तपासणी चालवली. टुंग असा आवाज झाला आणि एक छोटी चौकट उघडली.

“काय म्हणतंय ते?” मावशीने विचारलं.

मार्लीन दमली होती. जे होतं ते तिने वाचून टाकलं. “सगळ्या चुका काढल्या, म्हणतंय. आता एकही उरलेली नाही.”

मावशीने चहाचा मग खाली ठेवला. तीन आठवड्यांत तिचा आवाज पहिल्यांदाच चढला.

“चूक? माझं लेकरू चूक होतं? कुणी सांगितलं त्या मशीनला असं?”

मार्लीनने फिलिपाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण ते खोटं झालं असतं.

“मीच, मावशी,” ती म्हणाली.