लायबाच्या छातीवरचा बिंदू

मित्रांनो, मी एक जुना बिंदू आहे. छातीच्या मधोमध, हाडावर माझी जागा. मला रंग नाही, आकार नाही. बोटाने दाबलं की थोडा दुखतो, एवढीच माझी ओळख. चीन देशातल्या जुन्या वैद्यांनी मला शोधलं. दम लागला, उचकी थांबेना, जीव घाबरला किंवा बाळंतिणीला दूध कमी आलं, की ते मला दाबत, नाहीतर बारीक सुई टोचत.

देगलूरच्या बानोबी नायगावच्या एका ॲक्युप्रेशर शिबिरात माझ्याबद्दल शिकल्या. मला चोळलं की त्यांना दम्यात बरं वाटायचं. गल्लीभर त्या माझं कौतुक सांगायच्या आणि मी फुलून जायचो.

मग त्यांची सून लायबा बाळंत झाली. तिला दूध पुरेना. बानोबी रोज तिच्या छातीवर मला चोळू लागल्या.

"आलं का गं दूध?" त्या आशेने विचारायच्या.

"हाव अम्मी, आलं," लायबा खाली बघून म्हणायची.

ते खरं नव्हतं. सासू एवढे कष्ट घेते, तिला नाही कसं म्हणायचं, याची तिला लाज वाटायची. बाळाचं रडणं कमी झालं, तेव्हा घरचे म्हणाले, पोट भरत असेल. दूध आलंच नाही हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही.

आरोग्यसेविका पुनमताई घरी आल्या. त्यांनी बाळाला उचललं, त्याचं सुकलेलं तोंड पाहिलं.

"हे शांत न्हाई, उपाशी हाय. चला दवाखान्यात."

तिथे बाळाला सलाईन लावलं. लायबा भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी खोटं बोलले अम्मी. मीच उपाशी ठेवलं त्याला."

बानोबी तिच्या शेजारी येऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मुज्तबाच्या, तुझ्या नवऱ्याच्या वेळी मलाबी दूध न्हवतं. माझ्या जावेनं पाजलं त्याला. त्यालाबी हे ठाऊक न्हाई. मी आधी सांगितलं असतं, तर तू लपवलं नसतंस बेटा."

बाळ वाचलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने आता त्याला अंगावरचं आणि वरचंही दूध मिळतं.

मित्रांनो, मला जरूर दाबा, पण माझ्या भरवशावर दुखणं लपवू नका. माझ्या कौतुकापायी एक बाळ उपाशी राहिलं, हे मला विसरता येत नाही.

लायबालाही येत नाही. बाळ पोटभर पिऊन शांत झोपलं, तरी उपाशी तर नाही ना, म्हणून ती कधी कधी त्याला हलवून जागं करते. ते जोरात रडलं, की मग सासूसुना दोघी निजतात.